पंच्याऐंशीला थरथरणारी गाडी

सर्वप्रथम वाचकांची क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नाही. आयुष्यातली काही वर्षे मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवले, काही वर्षे घर सांभाळले, आणि चाळिशी ओलांडल्यावर एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. तिथे मी जे काही लिहिले ते तपासणीच्या अहवालांत, आणि ते अहवाल बहुधा कोणी वाचले नाहीत. तेव्हा साठीनंतर असे काही लिहून लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची शंका हे वाक्य लिहितानाही मनात आहे. परंतु या एका प्रसंगाची आठवण झाली की अजून हातापायांत उत्साह संचारतो. तेवढ्याच आधारावर लिहिते आहे.

शाफ्ट तिसऱ्यांदा मशीनवर चढला होता.

तुर्भ्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रकचे प्रोपेलर शाफ्ट दुरुस्त होत. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द नवा असेल, म्हणून थोडे सांगते. ज्या गाडीचे इंजिन पुढे असते आणि ढकलणारी चाके मागे असतात, त्या गाडीत इंजिनाचे फिरणे मागच्या चाकांपर्यंत पोहोचवावे लागते. ते काम गाडीच्या पोटाखालून जाणारा एक लांब दांडा करतो. तोच हा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, कारण गाडी खड्ड्यात गेली की मागची चाके वरखाली होतात आणि शाफ्टला त्यांच्याबरोबर हलावे लागते. शाफ्टचे वजन सर्व बाजूंनी सारखे नसेल तर तो फिरताना गाडी हादरते. घरातल्या पंख्याचे एक पाते वाकले की पंखा जसा डोलतो, तसेच. म्हणून शाफ्ट मशीनवर फिरवून कुठल्या बाजूला वजन कमी आहे ते पाहतात आणि तिथे पत्र्याचा छोटा तुकडा वेल्ड करतात. याला बॅलन्सिंग म्हणतात. बॅलन्सिंग तपासणे हे माझे काम होते.

त्या दिवशी मशीनवर ट्रकचा शाफ्ट नव्हता. तो एका स्पोर्ट्‌स कारचा होता. जपानी बनावटीची, दोन दारांची, पिवळी गाडी. आखाती देशातून कोणीतरी आणलेली, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. नव्वदच्या दशकाचा तो उत्तरार्ध होता. नवी मुंबईत मारुती आणि फियाट यांच्या गर्दीत ही गाडी आली की पानवालासुद्धा चुना लावायचा थांबे.

मशीनचा काटा शून्याजवळ स्थिर होता. आमचे मालक निकमशेठ यांनी काट्याकडे बोट दाखवले. ते मूळचे साताऱ्याचे. मार्केटमध्ये भाजीचा ट्रक चालवत असताना त्यांना शाफ्टच्या दुरुस्तीतला धंदा दिसला आणि त्यांनी स्टिअरिंग सोडून वर्कशॉप टाकले.

"बघ विनोद, काटा बघ. मशीन खोटं बोलत न्हाय. मॅडम, लिवा ओके."

विनोद म्हात्रे हा गाडीचा तरुण मालक. तो काट्याकडे पाहत राहिला.

"शेठ, मागच्या वेळीपण असंच ओके होतं. गाडी पंच्याऐंशीला गेली की थरथरतेच. नव्वदला आरशात मागचं काही दिसत नाही. हँडब्रेक आपोआप नाचतो."

"मग पंच्याऐंशीच्या खाली चालव की."

"स्पोर्ट्‌स कार आहे शेठ. टेम्पो नाही."

हे बोलणे चालू असतानाच विनोदचे वडील आत आले. म्हात्रेशेठ म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात जाड साखळी, आणि चालणे असे की रस्ता आपल्याच जमिनीतून गेला आहे. तो खरोखर तसाच गेला होता. आमचा गाळाही त्यांच्याच जागेत होता. तरुणपणी त्यांनी मिठागरात काम केले होते. पुढे जमिनी शहरासाठी गेल्या, मोबदल्यातून त्यांनी गाळे बांधले, आणि एकुलत्या एक मुलाने ही गाडी मागितली तेव्हा घेऊन दिली.

"निकम," ते म्हणाले, "ही गारी यंदा दोनदा टेंपोन घालून घरा आली. गारी टेंपोन बसते, माजी इज्जत बसत नाय. गावान पोरां हसतान."

गाडीला ते 'गारी' म्हणत. खाडीकाठच्या जुन्या गावांची बोलीच तशी, 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करणारी.

"आप्पा, रविवारी स्पर्धा आहे. तेवढी होऊ दे," विनोद म्हणाला.

एका हौशी मोटार क्लबाने घाटावरच्या जुन्या धावपट्टीवर सरळ रेषेत वेगाची स्पर्धा ठेवली होती. विनोदने नाव दिले होते आणि ते सबंध गावाला सांगितलेही होते.

"होवं दे. पन आयक. या टायमाला टेंपोन आली, त घरा नाय आनायची. सरल भंगारान." एवढे सांगून म्हात्रेशेठ गेले.

विनोदचा चेहरा पाहवेना. त्याने त्या गाडीसाठी नोकरीच्या दोन संधी नाकारल्या होत्या, हे मला माहीत होते. त्याला पुढे स्वतःचे गॅरेज काढायचे होते, आणि ही गाडी हीच त्याची जाहिरात होती. भंगारात गेली असती ती केवळ गाडी नव्हती.

मी स्वभावाने मागे राहणारी. मालकांसमोर गिऱ्हाइकाला प्रश्न विचारण्याची माझी पद्धत नव्हती. त्या दिवशी मात्र विचारला.

"विनोद, तिसऱ्या गिअरमध्ये किती वेगाला थरथरते?"

"तेवढ्याच. पंच्याऐंशी."

"आणि चौथ्यात?"

"तेवढ्याच."

"त्या वेगाला क्लच दाबून गाडी नुसती जाऊ दिली तर?"

त्याने आठवून पाहिले. "तरीपण थरथरते. हळू झाली की थांबते."

ही माहिती फार मोलाची होती. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जास्त जोरात फिरते, चौथ्यात कमी. तरीही थरथर त्याच वेगाला येते, आणि क्लच दाबून इंजिन सोडवले तरी थांबत नाही. म्हणजे दोष इंजिनात नाही. गिअरबॉक्सच्या मागे आहे. चाके विनोदने आधीच बदलून पाहिली होती. उरला शाफ्ट. आणि शाफ्टला तर आमचे मशीन तीनदा निर्दोष ठरवत होते.

मशीनवरून शाफ्ट उतरवताना मी एका टोकाला हात लावला. उचलेना.

"मॅडम, सोडा. कमर जाएगी," गफूरभाई म्हणाले. ते आमचे वेल्डर. "भरीव आहे तो."

"भरीव?"

"हां. पूरा सळा आहे. मूळची नळी वाकली होती, दगडावर आपटून. मग मोठ्या म्हात्रेशेठनी स्वतः उभं राहून ट्रक टर्मिनलच्या लेथवर हा बनवून घेतला. एक नंबर लोखंड."

मी पान्याने शाफ्टवर टकटक केले. नळी असती तर घंटेसारखी वाजली असती. इथे दगडावर मारल्यासारखा आवाज आला. वर्कशॉपमध्ये ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. कोणी सांगितली नाही, कारण कोणाच्याही मते ती सांगण्यासारखी नव्हती. आमच्याकडे येणारे ट्रक कांदेबटाट्यांची क्षमतेहून जास्त पोती भरून घाट चढत. त्यांचे शाफ्ट पिळवटून येत. आमच्या धंद्यात 'जाड' आणि 'जड' हे दोन्ही शब्द कौतुकाचे होते.

मला मात्र पॉलिटेक्निकमधला एक धडा आठवला. तो मी वर्षानुवर्षे शिकवला होता आणि प्रत्यक्षात कधीही पाहिला नव्हता.

झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिले तर तो उंच उंच जातो. चुकीच्या क्षणी कितीही जोराने ढकलले तरी जात नाही. प्रत्येक झोपाळ्याची एक स्वतःची लय असते. लांब दांड्याचीही असते. दोन्ही टोकांना धरलेला दांडा मधोमध किंचित वाकून पुन्हा सरळ होतो, आणि ते त्याच्या लयीनेच होते. आता हा दांडा फिरवा. फिरण्याचा वेग जोवर त्या लयीपेक्षा कमी आहे, तोवर काही होत नाही. दोन्ही जुळले की प्रत्येक फेऱ्याला दांड्याला नेमक्या क्षणी धक्का मिळतो, आणि तो उड्या मारण्याच्या दोरीसारखा मधून फुगू लागतो. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. दांडा जितका लांब, तितका हा वेग खाली येतो. आणि भरीव दांड्याचा हा वेग नळीपेक्षा बराच खाली असतो, कारण दांड्याच्या पोटातले लोखंड त्याला ताठ ठेवण्यात फारशी मदत करत नाही, त्याचे वजन तेवढे वाढवते.

मी टेपने लांबी मोजली, जाडी मोजली, आणि खडूने मशीनच्या पत्र्यावरच गणित मांडले. उत्तर मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे असे आले. मग चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे होतात ते प्रमाण आणि टायरचा घेर घेऊन ते रस्त्यावरच्या वेगात बदलले.

शहाऐंशी किलोमीटर.

मी ते पुन्हा केले. तेच आले. इतकी वर्षे फळ्यावर लिहिलेले सूत्र प्रथमच एका खऱ्या गाडीबद्दल खरे बोलत होते, आणि तेही तिच्या स्पीडोमीटरच्या भाषेत.

"निकमशेठ," मी हाक मारली. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला असावा, कारण लेथवरच्या दोघांनीही मान वर केली.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. आकडे नव्हे, अर्थ.

"पण मग मशीन ओके का म्हणतंय?"

"आपले मशीन ट्रकसाठी आहे. या वेगाच्या निम्म्यावरही ते जात नाही. तिथे हा शाफ्ट सरळच असतो. ते खोटे बोलत नाही. त्याला आपण तेवढेच विचारतो."

निकमशेठ हनुवटी खाजवत राहिले. "म्हंजे पत्रं चिकटवून काय उपेग न्हाय."

"नाही. आणि शेठ, हे नुसते थरथरण्याचे प्रकरण नाही. विनोदने रविवारी जोर लावून वेग तसाच त्या पट्ट्यात धरला, तर शाफ्ट वाकून सांध्यातून निघू शकतो. तो सीटखालून फिरतो."

ते गंभीर झाले. मग हळूच म्हणाले, "ह्ये म्हात्रेशेठना कोण सांगणार? त्यांनी सोता उभं राहून बनवून घेतलाय. आन् आपण त्यांच्याच जागेत बसलोय."

मी खडू खाली ठेवला.

"तुमीच सांगा मॅडम. तुमी शिकलेल्या. तुमच्यावर ते वरडणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळाल्यावर म्हात्रेशेठ आले. मी रात्री तीन वाक्ये पाठ केली होती. ती तिन्ही त्यांना पाहताच विसरले. निकमशेठ कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन काहीतरी शोधू लागले.

"बोल बाय. काय सांगाचा हाय?"

"शेठ, शाफ्ट भरीव आहे, म्हणून थरथर होते आहे. नळीचा असायला हवा."

"पोकल?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या घराण्याबद्दल काही बोलले. "बाय, आमच्या घरान ये, बायकांचे हात बघ. एक पन पोकल बांगरी दिसली त मना सांग. लग्नान पोकल घातली त लोकां वर्सभर बोलतान. मी पोराला पोकल कसा देवू? मी सांगला लेथवाल्याला, भरीव कर, पैसं गेलं तरी चालतील."

यात रागापेक्षा दुखावलेपण अधिक होते. मुलाला काही द्यायचे तर भरीवच द्यायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबात खोट काढणे मला अवघड वाटले. म्हणून मी बोलणे थांबवले आणि गफूरभाईंना दोन वस्तू आणायला सांगितल्या. पाण्याचा एक पाइप आणि तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच वजनाची एक भरीव सळई. वजन सारखे म्हटल्यावर सळई अर्थातच बारीक होती. दोन्ही दोन स्टँडवर आडव्या ठेवल्या.

"शेठ, मधे दाबून पाहा."

त्यांनी सळई दाबली. ती लवली. पाइप दाबला. लवला नाही. मग त्यांनी मनगटातले कडे वर सरकवले आणि पाइपवर दोन्ही हातांनी भार टाकला.

"वजन सारखाच?"

"काट्यावर घालून दाखवते."

"नको." त्यांनी पाइप पुन्हा एकदा दाबला. "खाडीन होरी रेटाला आमी बांबू घेतो. भरीव लाकूर कोन घेत नाय. वजनान भारी, आन वाकतंय पन." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. "म्हंजे सोना पोकल नको, पन लोखन पोकल पायजे. असाच ना?"

"फिरणारे लोखंड," मी म्हणाले. "नुसते उभे राहणारे असेल तर भरीव चालेल."

"हा मना कोनी आदी का नाय सांगला?"

गफूरभाई छताकडे पाहू लागले. कॉम्प्रेसरच्या मागून आवाज आला, "आमालाच काल कळलं शेठ."

"तू भायेर ये आदी, निकम. काय हरवलाय तुजा तथं?"

निकमशेठ बाहेर आले. हसू कोणाला आवरले नाही.

आता प्रश्न नव्या शाफ्टचा होता. मूळ मापाची नळी बाजारात मिळेना. गाडीच्या पोटातली जागा अरुंद, त्यामुळे ट्रकची जाड नळी बसेना. आणि विनोदला केवळ जुने परत नको होते. मूळ शाफ्टसुद्धा दीडशेच्या आसपास कुरकुरत असे, असे तो म्हणाला. गणितही तेच सांगत होते.

इथे निकमशेठांचा धंदा कामाला आला. लांब ट्रकांना एकच शाफ्ट नसतो. दोन तुकडे असतात, आणि मधोमध चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टांगलेले एक बेअरिंग त्यांना आधार देते. त्याला सेंटर बेअरिंग म्हणतात. आम्ही दिवसातून अनेकदा ते बदलत होतो.

"दोन तुकडं करू," निकमशेठ म्हणाले. "छोट्या टेम्पोचं सेंटर बेअरिंग बसंल."

मी पुन्हा खडू उचलला. लांबी निम्मी झाली की क्रिटिकल स्पीड दुप्पट होत नाही, चौपट होते. आलेला आकडा त्या गाडीच्या इंजिनाला गाठता येणेच शक्य नव्हते. मी तो आकडा वाचून दाखवला तेव्हा विनोद मशीनच्या कडेला बसला होता, तो उठून उभा राहिला.

पुढचे काम मी आयुष्यातल्या सर्वांत आनंदी कामांपैकी एक मानते. टेम्पोच्या शाफ्टची बारीक नळी कापली. गफूरभाईंनी ती जोडताना एका जागी सलग वेल्ड मारला नाही, समोरासमोर थोडे थोडे टाके घातले, म्हणजे उष्णतेने नळी वाकू नये. दोन तुकड्यांचे सांधे एकाच रेषेत असावे लागतात, नाहीतर एक सांधा शाफ्टला ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो आणि नवीच थरथर सुरू होते. म्हणून मी नळीवर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारली आणि ती जुळल्याशिवाय कोणाला बोल्ट आवळू दिला नाही. बेअरिंगसाठी गाडीच्या तळाला आडवी पट्टी लावली. तिला रबराची बैठक दिली. विनोद स्वतः गाडीखाली झोपून काम करत होता. काढलेला भरीव शाफ्ट म्हात्रेशेठ टेम्पोत घालून परत घेऊन गेले. चांगले लोखंड ते टाकून देणाऱ्यांतले नव्हते.

शनिवारी सकाळी चाचणी. त्यासाठी खारघर ठरले. खारघरला तेव्हा रस्ते आधी आले होते आणि माणसे यायची होती. रुंद, सरळ, मोकळा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना गवत आणि सेक्टरचे नंबर लिहिलेले खांब.

म्हात्रेशेठही आले होते. मी रस्त्याकडेला उभी राहिले, तर ते म्हणाले, "बाय, तू हितं काय करतंस? गारीन बस."

"मी? विनोद एकटा..."

"हिसाब तुजा. त बसाची पन तूच."

नकार देण्याइतके धैर्य माझ्यात कधीच नव्हते. मी बसले. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे मी उजव्या सीटवर, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, आणि माझ्यासमोर काहीच नाही. समोरून सायकलवर येणारा एक दूधवाला मला पाहून सायकलवरून उतरला.

गाडी सुटताना पायाखालून गुरगुर ऐकू आली. थोडे अंतर गेल्यावर ती थांबली. पुन्हा थांबून सुटलो, पुन्हा गुरगुर. विनोदने माझ्याकडे पाहिले.

"मॅडम?"

"ही ती नव्हे," मी म्हणाले. "ही फक्त सुरुवातीला येते. सांध्याचा कोन चुकला आहे. बेअरिंग जरा उंच बसले आहे."

परत आलो. निकमशेठांनी शर्टच्या खिशातून मूठभर वॉशर काढले. ते घेऊनच आले होते. जॅक लावला, गाडीखाली शिरले, बेअरिंगची पट्टी आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये वॉशर सरकवून ती किंचित खाली आणली, आणि कपडे झटकत बाहेर आले.

"आता जावा."

या वेळी गाडी निमूट सुटली. साठ. सत्तर. विनोद वेग मुद्दाम सावकाश वाढवत होता. ऐंशीला मी दाराची कडी घट्ट धरली. डावा हात मी मधल्या उंचवट्यावर ठेवला. त्याच्या आतूनच शाफ्ट जातो. काही बिघडणार असेल तर डोळ्यांआधी तळहाताला कळावे, अशी माझी समजूत.

ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी.

विनोदने तिथे वेग धरून ठेवला. माझ्या तळहाताखाली इंजिनाची नेहमीची बारीक कंपने होती. दुसरे काही नाही. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. आरशात म्हात्रेशेठांचा पांढरा शर्ट लहान होत गेलेला स्पष्ट दिसत होता.

"दाबू?" विनोदने विचारले.

एरवी मी म्हणाले असते की पुरे. मी म्हणाले, "दाब."

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. पाठ सीटला चिकटली. सेक्टरचे खांब एकमेकांत मिसळले. काटा एकशे वीसच्या पुढे गेला आणि हँडब्रेक आपल्या जागी, झोपलेल्या मांजरासारखा शांत. विनोद हसत होता, पण आवाज न करता. मीही बहुधा हसत होते, कारण परत आल्यावर माझे गाल दुखत होते.

आम्ही उतरलो. निकमशेठांनी नेहमीच्या सुरात विचारले, "मॅडम, लिवायचं का ओके?"

"लिहिते," मी म्हणाले. "रस्त्यावर एकशे वीसपर्यंत ओके, असे लिहिते."

स्पर्धेला मी गेले नाही. सोमवारी सकाळी विनोद वर्कशॉपमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, म्हणून सर्वांना वाटले पहिला आला. तो आपल्या गटात दुसरा आला होता. शेवटच्या गिअरला त्याचा हात अडखळला. दोष गाडीचा नव्हता, हे त्याने स्वतःहून दोनदा सांगितले. आणि गाडी घाट उतरून, पुन्हा खाडीपर्यंत, स्वतःच्या चाकांवर घरी आली. गावाच्या वेशीवर म्हात्रेशेठ उभे होते. ते उजव्या सीटवर बसले आणि त्यांनी मुलाला सांगितले की आता हळू चालव. एकशे तीसच्या वर धावून आलेली ती गाडी गावातून माणसाच्या चालीने नेण्यात आली, प्रत्येक दारापुढून. एका चौकात तर दोनदा. भंगाराचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. पुढे विनोदने गॅरेज काढले, तेही वडिलांच्याच गाळ्यात.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक बदल झाला. शाफ्ट घेऊन येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला निकमशेठ स्वतः विचारू लागले, "कितीच्या स्पीडला हलतंय? रिकामी असताना का भरल्यावर?" पुष्कळ ड्रायव्हर वैतागत. त्यांना वाटे, दुरुस्त करायचे सोडून हा चौकशी करतो आहे. पण परत येणारे शाफ्ट कमी झाले. तपासणी बरोबर असणे आणि वस्तू बरोबर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच मी या प्रसंगातून शिकले. यंत्राला जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते. बाकीचे वापरणाऱ्याला विचारावे लागते, आणि तो बहुतेक वेळा सांगायला तयार असतो.

तुमच्याकडेही एखादी वस्तू तपासून 'काही दोष नाही' म्हणून परत आली असेल आणि तरी त्रास देत राहिली असेल. तेव्हा तुम्ही कोणाला आणि काय विचारलेत?